ब्रेक वाजला की पाणी

फाट्यावर मोटरसायकल थांबली तेव्हा एसटीची वाट बघत बसलेल्या माणसांनी कानांवर हात ठेवले. ब्रेक असा काही किंचाळला की शेजारच्या टपरीतला चहावालासुद्धा गाळणं हातात घेऊन बाहेर आला. मागच्या सीटवरून माया उतरली, तिनं पदर सारखा केला आणि नवऱ्याकडे रोखून पाहिलं.

"ह्यो आवाज संध्याकाळी माझ्या कानावर आला न्हाई पायजे."

"आवाजच करतूय न्हवं?" धुळा गाडीवर बसूनच म्हणाला. "चावत तर न्हाई."

"उताराला मागं मी बसल्याली आस्ते. देवळापाशी थांबा म्हटलं तर तुमी वढ्यापाशी थांबलासा. उद्या वढ्यातच थांबशिला."

तेवढ्यात सांगलीची गाडी आली. विश्रामबागला नर्सिंग शिकणाऱ्या प्रांजलची, म्हणजे त्यांच्या लेकीची, खोली बदलायची होती. माया सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळच्या गाडीनं परत येणार होती. पायरीवर एक पाय ठेवून ती वळली.

"दोन कामं. ब्रेकचं पॅड बदला आन् मेंढरं सांभाळा. ऐकलंसा का?"

"ऐकलं की."

"काय ऐकलंसा?"

"पॅड सांभाळतो, मेंढरं बदलतो."

कंडक्टरनं घंटी मारली. नवरा चेष्टेनं बोलला की खरंच तसं समजला, हे मायाला गाडी जत ओलांडेपर्यंत उमगलं नाही आणि त्या काळजीत तिनं सुट्टे पैसे घ्यायचेही सोडून दिले.

तिची काळजी अगदीच अनाठायी नव्हती. धुळा जातीचा मेंढपाळ खरा, पण त्याची उमेदीची सगळी वर्षं विश्रामबागेतल्या एका अपार्टमेंटच्या फाटकावर वॉचमन म्हणून गेली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक माणसाचा चेहरा त्याच्या ध्यानात राहायचा, मेंढराचा मात्र एकही नाही. आईवडील गेल्यावर तो वस्तीवर परत आला, तोवर कळप मायानं वाढवलेला होता. तिला प्रत्येक मेंढी तोंडावरून कळायची. धुळाला एक लंगडी तेवढी ओळखू यायची, तीही चालायला लागली तर. वस्तीवरची माणसं त्याला अजून ‘वाचमन’ म्हणत. तो हसून घ्यायचा, पण ते त्याला लागायचं. आपल्याच शिवारात पाहुणा होऊन राहणं कुणाला बरं वाटेल? तेव्हा आज पहिल्यांदाच माया कळप त्याच्या एकट्याच्या हवाली करून गेली होती, ही गोष्ट त्याच्या लेखी फार मोठी होती. संध्याकाळी तिनं यावं, कळपावरून नजर फिरवावी आणि काही न बोलता चुलीकडे वळावं, एवढंच त्याला हवं होतं.

मेंढरं जाळीच्या कुंपणात होती आणि त्यांच्यापाशी दगडाबाई, त्याची म्हातारी चुलती, बसलेली होती. म्हणून तो फाट्यावरूनच थेट आकारामच्या गॅरेजात गेला. आकारामनं गाडी येताना ऐकलीच होती. तो पाना घेऊन उभा होता.

"होळीपस्नं वाजतुया तुजा ब्रेक. माज्या दुकानात बसून मला आयकू येतुया, तुला गाडीवर बसून येत न्हाई व्हय रं?"

"येतुया की. पर थांबत हुती तवर म्हटलं, कशाला."

आकारामनं पुढच्या चाकाची पॅडं काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "हितं चकतीला घासायला मसाला आस्तो. तुज्यात कुटं दिसतुया का बग. नुसता पत्रा ऱ्हायलाय. बारीक चीं चीं सुरू झाली की समजायचं, पॅड बोलवतंय. मग दांडा मुठीला टेकायला लागतो. तवा तरी यायचं. तू आलास कवा, तर बायकूनं दम दिल्यावर!"

नवी पॅडं बसली. जुनी आकारामनं टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवली आणि टेबल डुगडुगायचं थांबलं, म्हणून तोही खूश झाला. धुळा उतारावरून आला तो देवळापाशी थांबायचं म्हणून देवळापाशीच थांबला. एक काम फत्ते झालं होतं.

दुसरं काम दुपारी सुरू झालं. धुळाचा रोजचा नेम असा, की रस्त्याकडेच्या टाकीत टँकरनं टाकलेलं पाणी कॅनमध्ये भरायचं, कॅन मोटरसायकलला अडकवून माळाच्या पायथ्याच्या हौदापाशी न्यायचे आणि हौद भरायचा. हौदापाशी ब्रेक दाबला की तो किंचाळायचा आणि माळावर पांगलेली मेंढरं मान वर करून धावत सुटायची. उन्हाळाभर असंच चाललं होतं. माया बिचारी माळावर काठी घेऊन उभी असायची आणि तिच्याकडे ढुंकूनही न बघता तिचा कळप नवऱ्याच्या ब्रेककडे पळायचा. त्यामुळे धुळाला कधी हाक मारायला शिकावंच लागलं नव्हतं.

आज त्यानं मेंढरं माळावर सोडली, कॅन भरून आणले, ब्रेक दाबला आणि गाडी गपकन थांबली. कसलाही आवाज आला नाही. आकारामच्या हाताचं त्याला कौतुक वाटलं. हौद भरला आणि वर बघितलं, तर मेंढरं होती तिथंच होती. ती त्याच्याकडे बघत होती, पण ओळखीचं काही घडेना म्हणून त्यांनी पुन्हा खाली माना घातल्या.

धुळानं गाडी मागं घेतली, पुढं आणली, ब्रेक दाबला. पुन्हा मागं घेतली, पुन्हा दाबला. नवी पॅडं इमानेइतबारे गाडी थांबवत राहिली.

"आवं या की!" तो माळाकडे बघून ओरडला. इतकी वर्षं फाटकावर काढल्यामुळे त्याला आदरानंच हाक मारायची सवय होती. मेंढरांना आदराचं काही पडलेलं नव्हतं. ऊन तर वाढत चाललं होतं आणि मुकी जनावरं तहानेनं धापा टाकत होती. पाणी समोर असून ती तहानलेली राहावीत हे त्याला बघवेना. मग त्याला आठवण झाली ती किल्लीला अडकवलेल्या शिट्टीची. वॉचमनची शिट्टी. त्यानं गाल फुगवून ती फुंकली.

मेंढरं हलली हे खरं, पण उलट्या दिशेला. जी बिथरून पळाली ती टेकाड चढून पलीकडच्या अंगाला दिसेनाशी झाली. धुळा धापा टाकत टेकाडावर पोचला आणि खाली बघून मटकन बसला. पलीकडे बिरदेवाचा कळप चरत होता. आता पलीकडे एकच कळप होता, दुप्पट मोठा.

बिरदेव हा त्याचा चुलतभाऊ. दोघांचे कळप एकाच आजाच्या कळपातून वाटून आलेले, त्यामुळे मेंढरांच्या कानाला कापाची खूणही एकच. ओळख पटायची ती पाठीवरच्या रंगानं, धुळाच्या मेंढरांना तांबडा आणि बिरदेवाच्या निळा. पण गेल्याच आठवड्यात दोन्हीकडची कातरणी झाली होती, लोकरीबरोबर रंगही गेला होता आणि नवा रंग अजून लावायचा राहिला होता. समोर सगळी सारखीच काळी मेंढरं उभी होती.

"घाबरू नगंस गड्या," बिरदेव पुढं आला. "मला माजी समदी वळकू येत्यात. आत्ता बाजूला काढतो. ही माजी. ही बी माजी. ही तर माजीच. ही तुजी."

धुळा बघत राहिला. बिरदेवाच्या बाजूला धष्टपुष्ट मेंढ्या जमत होत्या. आपल्या बाजूला जमतायत त्यांची तोंडं त्यानं उघडून बघितली.

"बिरदेवा, दात पडल्याल्या तेवड्या समद्या माज्या व्हय रं?"

"मग तू सांग की, कुटली तुजी."

धुळानं कळपावरून नजर फिरवली. लंगडी नेमकी बसलेली होती, त्यामुळे तीसुद्धा कळेना. त्याला एकदम रडूच आलं. मायानं वर्षानुवर्षं रात्रीचा दिवस करून जपलेली जितराबं, आणि आपल्या ताब्यात ती एक दुपार टिकली नाहीत. फाटकावर सगळ्यांच्या गाड्या राखल्या, घरची मेंढरं राखता आली नाहीत.

आरडाओरडा ऐकून दगडाबाई काठी टेकत वर आली. एके काळी तिनं दोन्ही कळप डोळे मिटून वेगळे केले असते, पण आता मोतीबिंदूमुळे तिला मेंढरू आणि झुडूप यातलं अंतर हलल्याशिवाय कळत नव्हतं. ती तिथंच दगडावर बसली आणि तिनं जुन्या रीतीनं निवाडा दिला.

"भांडू नगा. मेंढरू धन्याच्या हाकंला जातंय. दोगं दोन अंगाला हुबं ऱ्हावा आन् हाका मारा. ज्याची त्येच्याकडं जात्याल. मग कुनी बोलायचं न्हाई."

"मला मान्य हाय," बिरदेव लगेच म्हणाला. त्याची हाक दोन माळ ओलांडून जायची.

"मला बी मान्य हाय," धुळा म्हणाला, "पर काकी, मला जरा येळ द्या. माजी हाक गॅरेजात हाय."

"हाक मारायला सामान लागतंय व्हय रं तुला?" बिरदेव हसता हसता खाली बसला.

आकाराम जेवणाचा डबा सोडत होता तेवढ्यात धुळा गॅरेजात शिरला.

"आकाराम, जुनी पॅडं बसवून दे."

"का? नवी आवाज करत्यात?"

"आवाज करत न्हाईत, त्योच वांदा हाय!"

सगळी हकिकत ऐकताना आकारामचा घास हातातच राहिला. "लोकं माज्याकडं आवाज घालवाय येत्यात. आवाज भरून द्या म्हननारा तू पयलाच गिऱ्हाईक," तो म्हणाला. पण मग तो गंभीर झाला. "हे बग, तसली पॅडं घालून तुला रस्त्याला सोडनार न्हाई. उद्या कुटं पडलास तर मायावैनीला मी काय तोंड दावू? पॅडं घेऊन मीच येतो. हौदापाशी बसवतो, तुजं वाजवून झालं की तितंच काढतो."

टेबल पुन्हा डुगडुगायला लागलं. त्यावरचा डबा सावरून आकाराम पाने खिशात घालून गाडीवर मागं बसला.

ते परत येईपर्यंत निम्मी वस्ती माळावर जमली होती. दगडाबाईच्या सांगण्यावरून आधी धुळाची पाळी होती. आकारामनं हौदापाशी चाक उतरवलं, जुनी पॅडं चढवली, दांडा चार-सहा वेळा दाबून बघितला आणि सपाट जमिनीकडे बोट दाखवलं. "ह्या दगडापस्नं त्या दगडापतुर. म्होरं गेलास तर हौदात."

धुळानं गाडी सुरू केली. त्यानं मनातल्या मनात सगळ्या देवांना हात जोडले आणि ब्रेक दाबला.

अख्ख्या माळाला ऐकू जाईल असा ब्रेक किंचाळला. दगडाबाईनं कान दाबले, पोरंटोरं ओरडली. आणि टेकाडावरून मेंढरं सुटली. धुळा गाडीवरच उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "माजी! माजी हायत काकी! बगा कशी येत्यात!"

ती येतच राहिली. बिरदेवानं बाजूला काढलेल्या धष्टपुष्ट मेंढ्या आल्या, दात पडलेल्या आल्या, लंगडी लंगडत आली. हौदाभोवती मावेनाशी झाली तरी येतच राहिली. धुळाचं हसू हळूहळू मावळलं. टेकाडावर एकही मेंढरू उरलं नव्हतं. तिथं बिरदेव एकटाच काठी घेऊन उभा होता.

"हुर्योऽऽ हुर्योऽऽ!" त्यानं आपली दोन माळ ओलांडणारी हाक मारली. एका मेंढीनं हौदातून तोंड वर काढलं, त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा पाण्यात घातलं.

"बिरदेवा," दगडाबाई म्हणाली, "तुज्या मेंढरास्नी ह्येचा ब्रेक कसा रं ठावा?"

बिरदेव काठीनं माती उकरायला लागला.

"तसं न्हाई काकी. माज्या तळ्यात निस्ता चिखल ऱ्हायलाय. धुळा हौद भरून बाभळीखाली झोपतुया, वैनी मेंढरं पाजून म्होरं जाती. मग मी म्हटलं, त्येची पिऊन झाली की उरल्यालं..."

"रोज?" धुळानं विचारलं.

"ब्रेक वाजला की मला बी कळायचं की, पानी आलं म्हनून."

"आरं मग सांगायचं हुतंस. मी न्हाई म्हटलं आस्तं व्हय?"

"तुला कसं सांगू? तू वाचमन मानूस. आदी नाव लिवून घेशील, कुणाकडं आलासा म्हनशील."

धुळाला राग यायला हवा होता. पण चिखल झालेल्या तळ्यापाशी तहानलेली मेंढरं घेऊन उभा असलेला भाऊ त्याच्या डोळ्यांसमोर आला आणि राग काही येईना. "उद्यापस्नं उजेडात आन. पर पानी वढाय तू बी कॅन घेऊन यायचं," एवढंच तो म्हणाला. आता दोघं भाऊ एकमेकांकडे बघून ओशाळं हसले, पण हौदाभोवतीचा तो काळा समुदाय होता तसाच एक होता आणि तिकडे फाट्यावर संध्याकाळच्या गाडीचा हॉर्न वाजला.

पायवाटेनं येतानाच मायाला लांबून सगळं दिसलं. हौदापाशी दुप्पट मेंढरं, निम्मी वस्ती, मोटरसायकलचं चाक काढून बसलेला आकाराम आणि या सगळ्याच्या मधोमध खाली मान घालून उभा असलेला नवरा. तिनं पिशवी दगडाबाईपाशी ठेवली आणि काही न विचारता पदर खोचला. मेंढराची हनुवटी धरून तोंड बघायचं आणि गुडघ्यानं ढकलून एका बाजूला काढायचं, असं तिचं काम सुरू झालं. बिरदेवही पुढं आला आणि या वेळी त्याची ‘ही तुमची’ आणि ‘ही माजी’ अगदी खरी होती. अंधार पडायच्या आत दोन कळप झाले आणि लागलीच रंगाचे डबे उघडले गेले.

मग ती धुळाकडे वळली. त्यानं फाट्यापासून सगळं सांगितलं, शिट्टीसुद्धा वगळली नाही.

"दोन कामं सांगितली हुती," माया म्हणाली. "दोनी केलासा. आन् एकाला दुसऱ्याच्या नरड्यावर बसवलासा."

"चुकलं माजं. जुनीच पॅडं ठेवली आस्ती तर..."

"काय म्हनालासा?" आता ती खरी चिडली. "मेंढरू चुकलं तर हुडकून आनंन मी. तुमी कुटं रस्त्याला पडलासा तर कुटं हुडकू? आकारामभावजी, ती जुनी कातडी हितनं घेऊन जावा. परत दिसली तर तुमचं टेबलच जाळीन."

"कातडी न्हाई वैनी, पत्रा हाय," आकाराम पुटपुटला, पण त्यानं नवी पॅडं घट्ट बसवली. धुळाला त्या शिव्या ऐकून जेवढं बरं वाटलं तेवढं दिवसभरात कशानंच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हौद भरला आणि नव्या ब्रेकची गाडी मुकाट उभी राहिली. मेंढरं माळावर वाट बघत राहिली. मायानं आपली हाक मारली, तिच्या सासूनं तिला शिकवलेली. जुन्या दोन-चार मेंढ्या भिडेखातर आल्या, बाकीची जागची हलली नाहीत. माया खट्टू झाली. ते बघून धुळाला राहवेना. त्यानं इकडंतिकडं कुणी नाही असं बघितलं, दात आवळले आणि तोंडानंच ब्रेक वाजवला.

"चींऽऽऽऽ!"

सगळा कळप धावत आला. टेकाडापलीकडून बिरदेवाचाही आला आणि त्याच्या मागून कॅन घेऊन बिरदेव. माया हसून हसून खाली बसली. वस्तीवर पोरं धुळाला बघून चीं चीं करायला लागली. वॉचमन हे नाव मागं पडलं, एवढाच काय तो फायदा. धुळा रोज दुपारी आधी चारी दिशांना बघायचा आणि मगच हाक मारायचा.

एके दिवशी भरलेले कॅन हौदापाशी टेकवून तो बाभळीखाली आडवा झाला होता. डोळा लागतोय न लागतोय तोच माळावरून ब्रेकची कर्कश किंचाळी आली. धुळा ताडकन उठला. एवढ्यात पॅडं गेली? आता मायाला काय सांगायचं? तो अनवाणी गाडीकडे पळाला. गाडी तर स्टँडवर होती तशी उभी होती. पुन्हा किंचाळी आली तेव्हा त्यानं वर बघितलं. टेकाडावर माया उभी होती. पदर खोचलेला, काठी काखेत धरलेली, दोन्ही हात तोंडाभोवती लावलेले.

"चींऽऽऽऽ!"

मेंढरं तिच्या अंगावरून पुढं धावत सुटली. तिनं हात खाली घेतले आणि तेवढ्यात तिला नवरा दिसला. ती लाजली, पण क्षणभरच.

"बगतायसा काय?" ती ओरडली. "पानी वता!"